आवाज किती घरांत ऐकू आला?



आज २० ऑगस्ट. २०१३ साली याच दिवशी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर धर्म आणि विवेक, राज्यघटनेतला वैज्ञानिक दृष्टिकोन असे मोठे विषय समोर असतात. मी त्यातला एकही घेतलेला नाही. घराच्या भिंतीतून रात्री-अपरात्री येणारा आवाज, हा माझा विषय. काहींना तो व्याख्यानाच्या मानाने लहान वाटेल. पण १९८९ साली दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, तेव्हापासून समितीच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी किती उंबरे ओलांडले असतील आणि त्यातल्या किती घरांत गाऱ्हाणं एकच असेल! ‘भिंतीतून आवाज येतो, छपरावर धाडधाड होतं, कारण सापडत नाही.’ दाभोलकरांचं निम्मं काम सभागृहात नव्हे, अशा घरांत झालं.

प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे दोन. भिंतीत खरवडल्यासारखं होतं. थांबतं. मग टक, टक. मग कोणीतरी जड श्वास घेतंय असं वाटतं. घरातली बाई उठून बसते, नवऱ्याला हलवते. तो दिवा लावतो आणि आवाज बंद. दिवा मालवला की पुन्हा सुरू. तिसऱ्या रात्रीपासून घरात कोणी झोपत नाही. चौथ्या दिवशी शेजारची म्हातारी सांगते, बाहेरचं आहे, बघून घ्या. आठवड्याच्या आत कोणीतरी ‘जाणता’ घरात येतो. आणि पंधरवड्याच्या आत घरातल्या एखाद्या सुनेकडे, भाऊबंदातल्या एखाद्या विधवेकडे, नाहीतर शेजारच्या गरीब घराकडे बोट दाखवलं जातं.

आवाजापासून बोटापर्यंतचा हा प्रवास पंधरा दिवसांचा. तो मधेच कुठे थांबवता येईल? माझं सगळं बोलणं या एका प्रश्नासाठी आहे.

अशा घरात दोन घाईची उत्तरं तयार असतात. पहिलं, ‘बाहेरचं आहे.’ त्यावर आपण इथे बसलेले सगळे टीका करतो, आणि ती रास्त आहे. पण दुसरं उत्तर आपलं, शिकलेल्यांचं आहे. ‘काही नाही हो, उंदीर असेल, झोपा.’ या उत्तराचाही मी तितकाच विरोधक आहे. पहिलं उत्तर देणाऱ्याने भिंत पाहिलेली नसते, तशी दुसरं देणाऱ्यानेही पाहिलेली नसते. ‘उंदीर असेल’ म्हणून ज्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं, तो जळणाऱ्या वायरीचा निघू शकतो. पोट काढलेल्या भिंतीचा निघू शकतो. जमिनीचाही निघू शकतो. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

मग विचारायचं काय? मी तीन प्रश्न विचारतो. आवाज कधी येतो? किती घरांत ऐकू येतो? आणि कोण असताना येतो? भीती एकच प्रश्न विचारते, ‘हे कोणी केलं?’ म्हणूनच ती बोटापाशी जाऊन पोहोचते. माझ्या यादीत माणसाचा प्रश्न मुद्दाम शेवटी आहे. आधीच्या दोन प्रश्नांतच बहुतेक आवाजांचा उलगडा होतो.

तुम्ही म्हणाल, कान लावून ऐकलं की कळेलच ना कुठून येतो ते! नाही कळत. आवाजाची दिशा आपल्याला कळते ती दोन कानांमुळे. आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर पोहोचतो, आणि हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. मोकळ्या हवेत मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. पण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि आपल्या काळ्या दगडातून सुमारे पाच किलोमीटर. चौथऱ्याच्या कोपऱ्यात झालेली टकटक डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या भिंतीभर पसरते आणि भिंतीचा सबंध पृष्ठभाग एकदम बोलू लागतो. माणसाला वाटतं, आवाज सगळीकडून येतोय, मी जाईन तिथे येतोय. हे वाटणं खोटं नसतं. त्या बाईला वेडी ठरवू नका. तिच्या कानांनी जे ऐकलं तेच ती सांगते आहे.

म्हणून ‘कुठून’ हा प्रश्न आधी विचारायचा नाही, ‘कधी’ हा आधी विचारायचा. घरात एक वही ठेवा. तारीख, वेळ, आवाजाचं वर्णन, त्या वेळी वीज होती का, नळाला पाणी होतं का, पाऊस होता का, ऊन किती होतं. एवढंच. कोणावर संशय आहे हे वहीत लिहायचं नाही. दोन आठवडे लिहा. लिहिणाऱ्याचं भय लिहिता लिहिताच उतरतं हा एक फायदा. दुसरा फायदा, कारणाचा माग बहुधा त्या वहीतच लागतो.

एक उदाहरण सांगतो, आपल्या नगर जिल्ह्यात ते पदोपदी भेटेल. वस्तीवरचं घर. आवाज रात्री येतो, जमिनीतून घुमल्यासारखा, भिंतीला हात लावला तर थरथर जाणवते. आठवडाभर रोज रात्री येतो. मग रात्रीचा बंद होतो आणि भर दुपारी येऊ लागतो, पण दुपारी घरात कोणी लक्ष देत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्री. घरचे म्हणतात, आठ दिवस त्रास देतं आणि आठ दिवस सोडतं. आता मला सांगा, आपल्याकडे आठवड्याच्या पाळीनं काय येतं-जातं? शेतीची थ्री फेज वीज! एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटरीला ऑटो स्विच लावलेला असतो. शेतकरी झोपलेला असतो, लाइट आली की बोअरची मोटर आपोआप सुरू होते. केसिंग पाइप, त्याला लागून घराचा पाया, पायावर भिंत. आणि लाइट गेली की पाइपातलं पाणी उलट फिरून व्हॉल्व्हवर आदळतं, तो ‘धाड’ आवाज निराळाच. वहीत आवाजाच्या वेळा लिहा, शेजारी थ्री फेजच्या वेळा लिहा. दोन्ही रकाने जुळतात की नाही ते घरातली शाळकरी मुलगीसुद्धा सांगेल.

ऊन आणि पत्रा यांचं असंच आहे. वीस फुटांचा लोखंडी पत्रा तीस अंशांनी तापला की सुमारे दोन मिलिमीटर लांबतो. इंग्रजी ‘J’च्या आकाराचे बोल्ट त्याला धरून ठेवतात. ताण वाढत जातो आणि एका क्षणी पत्रा उडी मारतो. तड्! संध्याकाळी निवताना पुन्हा तड्! सूर्य मावळल्यानंतर आणि सकाळी ऊन चढताना येणारा, ढगाळ दिवशी न येणारा आवाज पत्र्याचा. यात वहीचीसुद्धा गरज नाही, पण ज्याला घाबरायला आधीच कारण मिळालेलं आहे त्याला वहीच पटते.

आता दुसरा प्रश्न. किती घरांत ऐकू आला? हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. एका खोलीत ऐकू आला तर कारण त्या भिंतीत आहे. सगळ्या घरात ऐकू आला तर पाया, छप्पर, नळ, वीज. गावभर ऐकू आला तर गावाबाहेर शोधा. आणि दहा गावांत एकाच मिनिटाला ऐकू आला तर जमिनीकडे बघा. ज्याला हा प्रश्न विचारायचं सुचलं, त्याने निम्मा तपास तिथेच केला.

एका खोलीतल्या आवाजापासून सुरुवात करू. आपली जुनी घरं आठवा. माळवदाचं घर, धाब्याचं घर. हात-दीड हात जाडीची भिंत, आतून-बाहेरून दगड आणि पोटात माती-चिपा. वर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंतीत कोनाडे, देवळ्या, आणि धान्यासाठी बळद. अशी भिंत म्हणजे सजीवांची वसाहत असते. वाळवी तुळईत शिरली की तिचे सैनिक धोका जाणवताच लाकडावर डोकी आपटून इशारा देतात. शांत रात्री ती बारीक टकटक ऐकू येते. घुण लाकूड पोखरतो आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. इंग्लंडातही अशाच एका भुंगेऱ्याने शतकानुशतकं लोकांना घाबरवलं. जुन्या ओक तुळयांत तो डोकं आपटून जोडीदाराला हाक घालतो. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना रात्रीच्या निवांतात ती टकटक ऐकू यायची, आणि ती मृत्यूची चाहूल मानली जायची. म्हणजे या बाबतीत आपण काही वेगळे नाही, मागासही नाही.

घूस पाया उकरते. उंदरामागून साप येतो. घोणस फुत्कारली तर कुकरची वाफ सुटावी तसा लांबलचक आवाज येतो. तो आवाज येतो त्या भोकात हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा.

पण या सगळ्यांत एका जिवाविषयी मला थोडं थांबून बोलायचं आहे. गव्हाणी घुबड. पांढरं, बदामी तोंडाचं. पडक्या वाड्याच्या भिंतीतलं भगदाड, वेशीचा बुरूज, देवळाचं शिखर, ही त्याची घरटी. त्याची पिल्लं भूक लागली की रात्रभर घोरल्यासारखा, घसा खरवडल्यासारखा आवाज काढतात. माणूस झोपेत घोरतो ना, तसाच. भिंतीत कोणीतरी श्वास घेतंय म्हणून जो वाडा लोकांनी ओस टाकला, त्याच्या भगदाडाखाली आधी जाऊन बघा. तिथे काळपट, केसाळ गोळे पडलेले दिसतील. एक गोळा पाण्यात भिजवून फोडला की आत उंदरांची हाडं आणि कवट्या सापडतात. घुबडानं गिळलेली शिकार, न पचलेला भाग बाहेर टाकलेला. हा पुरावा मुलांना दाखवावा. शेताचे उंदीर खाणारा हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित आहे, आणि तरीही आपल्याकडे अपशकुनी म्हणून त्याला दगड मारतात, अमावास्येच्या विधीसाठी त्याची चोरटी विक्री होते. याचा मला फार राग येतो. ज्या जिल्ह्यातला शेतकरी उंदरांनी ऊस कुरतडला म्हणून हळहळतो, त्याच जिल्ह्यात घुबडाचं घरटं उद्ध्वस्त व्हावं?

आता सबंध घराचा आवाज. इथे आपल्या जिल्ह्याची माती मधे येते. नेवासा, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव ही गोदावरी, प्रवरा, मुळा यांच्या खोऱ्यातली काळी, खोल माती. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा देते. त्या मातीवर उथळ पाया घातलेलं घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खचतं. भिंत एका तुकड्यात, माती मात्र जागोजागी वेगळी फुगते. मग चौकटीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो, आणि तडा जाताना आवाज होतो. मार्च ते मे या काळात, आणि पहिल्या दमदार पावसानंतर. पारनेरच्या मुरमाड माळावर असला आवाज सहसा येत नाही.

तडा दिसला तर त्यावर पेन्सिलीने तारीख टाका. तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे. साधा उपाय आहे, इंजिनिअर मंडळी अजूनही वापरतात. आणि दगड-मातीच्या भिंतीनं पोट काढलं असेल, रात्री आतून माती झरझर गळाल्याचा आवाज येत असेल, तर तिथे झोपू नका. माळवदावर गळती बंद व्हावी म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना कोणी काढत नाही. टनावारी ओझं वर, वाळवीनं खाल्लेली तुळई मधे, भिजलेली भिंत खाली. पावसाळ्यात भिंत पडून माणसं गेल्याची बातमी आपण वाचतो. त्या भिंतीनं आधी काहीच कळवलं नसेल, असं मला वाटत नाही.

नव्या घरातली भीतीची जागा म्हणजे बंद वायरिंग. पावसाळ्यात भिंत ओली, आत वायरीचा जोड सैल, आणि स्विचबोर्डामागे चरचर. सोबत जळका वास. इथे वही नको, विचार नको. आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

गाव सोडून बाहेर पडू. नगर, राहुरी, पारनेर या तालुक्यांतल्या किती गावांना के. के. रेंज सांगावं लागेल? खारे कर्जुने गावावरून त्या लष्करी सराव क्षेत्राला ते नाव पडलं. १९४८ पासून रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे. सरावाच्या दिवशी तोफ धडधडते, तावदानं खणखणतात, फडताळातली भांडी वाजतात. जवळच्या गावांना त्याची सवय आहे. गोंधळ होतो तो लांबच्या गावांत. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असते. तेव्हा वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो, आणि मधली गावं सोडून लांबच्या गावात पडतो. त्या गावाला वाटतं, जमिनीतून स्फोट झाला! सरावाआधी जिल्हा प्रशासनाची सूचना निघते. तारखा ग्रामपंचायतीत विचारा, वहीशी ताडून पाहा. विहिरीचे सुरुंग आणि खडी क्रशरचे स्फोट यांचंही तसंच.

आणि आता जमीन.

२०१८ च्या पावसाळ्यात संगमनेरच्या पठारभागात, घारगाव-बोटा परिसरात, भूकंपाचे सौम्य धक्के बसले. घरांतली माणसं बाहेर धावली. पठारावरच्या या गावांना पुणे-नाशिक रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज माहीत होता, हा निराळा होता. असे उथळ, लहान भूकंप कधीकधी हलण्याआधी ऐकू येतात. जमिनीतून येणारी पहिली लहर पृष्ठभागाला ढोलाच्या कातड्यासारखी हलवते आणि तिचा गडगडाट हवेत उतरतो. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, टणक, त्यातून बारीक कंपनंही मुरून न जाता वर येतात. म्हणून धक्का जाणवत नाही तिथेही घुमण्याचा आवाज येऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर धक्क्यांची मालिका सुरू झाली. थंडीत लोक घराबाहेर झोपले.

कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि परिसरात आवाज आणि धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

आणि किल्लारी. किल्लारीविषयी बोलताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही. १९९२ साली त्या भागात जमिनीतून आवाज आणि धक्के सुरू झाले. १८ ऑक्टोबर १९९२ च्या धक्क्याने घरांना तडे गेले. लोक घाबरून बाहेर झोपू लागले. तो प्रदेश भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. हळूहळू धक्के विरळ झाले, लोक घरात परतले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यांना मारलं कोणी? भूकंपाने हलवलं. मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. तीच भिंत, तेच माळवद, जे मी मघाशी आपल्या जिल्ह्यातलं म्हणून वर्णन केलं.

आधीच्या आवाजांवरून भूकंपाचा दिवस सांगता आला असता असं मी म्हणत नाही. भूकंपाचं भाकीत आजही जगात कोणाला करता येत नाही. पण आवाज येत होते, तडे गेले होते, घरं कशाची आहेत हे दिसत होतं. वर्षभरात माळवदावरची माती उतरवता आली असती. भिंतींत आरपार जाणारे दगड बसवता आले असते, लाकडी चौकटींना आधार देता आला असता. हे सगळं किल्लारीनंतर पुस्तिकांमध्ये छापलं गेलं. श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यात अशी घरं अजून उभी आहेत. त्यातल्या किती घरांची माती उतरली?

म्हणून माझं सांगणं, अनेक गावांत एकाच वेळी आवाज आला तर लाजू नका, कळवा. तलाठ्याला, तहसीलदाराला. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली मेरी, धरण परिसरातल्या भूकंपमापकांच्या नोंदी पाहते. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं ‘भूकंप’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे, त्यात धक्क्यांची वेळ मिळते. अगदी लहान धक्के तिथे दिसतीलच असं नाही. तेव्हा तुमच्या वहीतली वेळ, मिनिटासकट, हीच शास्त्रज्ञांना उपयोगाची गोष्ट ठरते.

उरला तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. कोण असताना आवाज येतो?

समजा वही भरली. वीज, ऊन, पाऊस, सराव, कशाशीच वेळा जुळत नाहीत. भिंतीवर धपाधप होतं, पत्र्यावर दगड पडतात, भांडी आपोआप पडतात, पेटीतले कपडे पेटतात. याला आपल्याकडे भानामती म्हणतात. इथे आवाज करणारं माणूस असतं, आणि ते बहुतेक वेळा घरातलंच असतं. भानामतीच्या असंख्य प्रकरणांतून समितीच्या कार्यकर्त्यांनी एक पद्धत बसवली. सगळ्या कुटुंबाला सोबत बसवायचं. देवऋषाला घरी आणणं बंद करायला सांगायचं. मग प्रत्येकाशी एकेकट्याने, निवांत बोलायचं. कोण घरात असताना प्रकार घडतात आणि कोण बाहेर असताना घडत नाहीत, हे टिपायचं. ज्याच्यापाशी धागा पोहोचतो त्याच्याशी रागाने नव्हे, मायेने बोलायचं. आणि, हे नीट ऐका, त्या व्यक्तीचं नाव गावाला सांगायचं नाही. घरातल्या इतरांनाही नाही. प्रकार थांबतात, गावाला कारण कळतं, नाव कळत नाही.

काही तरुण कार्यकर्त्यांना हे पटत नाही. ‘सर, नाव जाहीर केल्याशिवाय लोकांना पटणार कसं?’ मी त्यांना विचारतो, ते माणूस बहुधा कोण असतं? सासरी नांदायला तयार नसलेली, पण ते सांगायची सोय नसलेली नवी सून. शाळा सुटलेली, लग्न ठरवलेली पोरगी. ज्याच्याकडे कोणी बघत नाही असा मधला मुलगा. ज्याला तोंडाने बोलता येत नाही, ते भिंतीवर दगड मारून बोलतं. त्याचं नाव चावडीवर सांगून आपण काय मिळवणार? दाभोलकर डॉक्टर होते. त्यांना प्रकरण जिंकायचं नव्हतं, रोगी बरा करायचा होता. साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र त्यांनी चालवलं ते याच वृत्तीने. समितीचं मानसिक आरोग्याचं कामही तिथूनच वाढलं. याच नगर जिल्ह्यात २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी सत्याग्रह उभा केला, तो सगळ्यांना आठवतो. घराघरांतलं हे शांत काम मात्र कोणाच्या लक्षात नाही.

भानामतीच्या शेजारीच गुप्तधन उभं असतं. भिंतीवर ठोकलं आणि पोकळ आवाज आला की कोणाला तरी हंडा दिसतो. जुन्या घरात तो पोकळ आवाज बळदाचा असतो, नव्या घरात सुटलेल्या गिलाव्याचा, बद्द. नगर शहरात लोक म्हणतात, खाली किल्ल्यापर्यंत भुयार आहे. या शहराखाली खरोखर जे आहे ते निजामशाहीतल्या पाणीपुरवठ्याचे खापरी नळ. कापूरवाडीपासून आणि आसपासच्या इतर गावांपासून शहरात पाणी आणणारे, उच्छ्वास बांधून हवेचा दाब सोडणारे. पाचशे वर्षांपूर्वीची ही कारागिरी एखाद्या हंड्याहून मला मोलाची वाटते. पण तिच्याविषयी शाळेत शिकवत नाहीत, आणि हंड्यासाठी मात्र माणसं बळी द्यायला निघतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करणी-भानामतीच्या नावाखालच्या आणि गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांना शिक्षा देतो. दाभोलकरांनी वर्षानुवर्षं तो मागितला. त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आता तो वापरायचं काम आपलं. तुमच्या घरातल्या आवाजासाठी कोणी शेजारणीकडे बोट दाखवलं, तिला मारहाण झाली, तिला गावातून हाकललं, तर पोलीस ठाण्यात जाऊन या कायद्याचं नाव घ्या. त्याखालच्या तक्रारींसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे.

आणि ज्या घरात आवाजाचं कारण एखाद्या कोंडलेल्या माणसापाशी सापडेल, तिथे दगड थांबले म्हणजे काम संपलं असं समजू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, फोन विनामूल्य, मराठीत बोलता येतं. बाहेरच्या टेबलापाशी कार्यकर्ते बसले आहेत, त्यांच्याकडे वहीच्या रकान्यांचा छापील कागद आहे. तुमच्या घरात, नात्यात, गावात असा आवाज येत असेल तर तो घेऊन जा. आणि इथे सगळ्यांसमोर विचारायचा संकोच वाटत असेल, तर सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे.